विश्लेषण : काच चमकवणारी सिरियम ऑक्साइडची भुकटी फुप्फुसांना घातक का?

चष्म्याची भिंगे, आरसे, दुर्बिणीच्या काचा यांना अखेरची झिलई देणारी सिरियम ऑक्साइडची भुकटी पेट घेत नाही, पाण्यात विरघळत नाही, त्वचेलाही फारसे काही करत नाही. तरीही वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेल्यास ती फुप्फुसांत साचते. गाडीच्या काचेवरील ओरखडे घालवण्यासाठी तिची छोटी पाकिटे आता ऑनलाइनही मिळतात. त्यामुळे हा विषय कारखान्यापुरता राहिलेला नाही.

सिरियम ऑक्साइड म्हणजे काय?

चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून ‘रेअर अर्थ’ हा शब्द सर्वपरिचित झाला. सिरियम याच गटातले. पण त्या सातांत नाही. तसे ते दुर्मीळही नाही, भूकवचात ते साधारण तांब्याइतके आढळते. शुद्ध ऑक्साइड फिकट पिवळे असते. झिलईच्या भुकटीत इतर दुर्मीळ मूलद्रव्येही मिसळलेली असल्याने ती अनेकदा गुलाबी किंवा तपकिरी दिसते. ती काच नुसती घासत नाही, तर पाण्याच्या साथीने काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही करते. म्हणूनच तिची झिलई इतकी नितळ असते.

सिरियम पेट घेते, मग भुकटी का नाही?

लायटरच्या खड्यातून ठिणगी पडते ती सिरियम धातूमुळे. या धातूची भुकटी खरोखरच ज्वालाग्राही असते. ऑक्साइड मात्र आधीच ‘जळून’ झालेले असते, ते आणखी पेटत नाही. डब्यावर केवळ ‘सिरियम’ वाचून निष्कर्ष काढू नये, पुढचा शब्द महत्त्वाचा. सिरियम नायट्रेट आग भडकवू शकते, तर लँथॅनम ऑक्साइड हवेतील ओलावा शोषून फुगते, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावे लागते.

फुप्फुसांत काय घडते?

या भुकटीचे बरेचसे कण काही मायक्रॉनचेच असतात. एवढे बारीक कण नाक-घशात न अडकता थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि विरघळत नसल्याने तिथेच राहतात. क्ष-किरण चित्रात त्यांचे ठिपके दिसतात. काहींच्या फुप्फुसांत तंतूमय ऊती वाढून दम लागू लागतो. हा विकार प्रथम लक्षात आला तो काच कारागिरांपेक्षा कार्बन आर्क दिव्यांजवळ काम करणाऱ्यांमध्ये. त्या दिव्यांच्या कांड्यांत सिरियमची संयुगे असत. सिनेमागृहांतील प्रोजेक्टर चालवणारे आणि छपाईचे ब्लॉक बनवणारे वर्षानुवर्षे त्यांचा धूर श्वासात घेत. (वृत्तपत्रांतील छायाचित्रेही एके काळी अशाच ब्लॉकवरून छापली जात.) मोनाझाइट खनिजात सिरियमसोबत किरणोत्सारी थोरियमही असते. त्यामुळे जुन्या रुग्णांत नेमका दोष कुणाचा, यावर संशोधकांत वाद झाला.

मर्यादा किती?

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत सिरियम ऑक्साइडसाठी वेगळी मर्यादा नाही. ते ‘इतर धूळ’ या सदरात मोडते. फुप्फुसांत खोल जाणाऱ्या अशा धुळीसाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे. तिथल्याच पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे आजन्म संपर्कासाठी ०.०००९ मिलिग्रॅम ही पातळी सुचवली. पहिला आकडा कामगारांसाठी, दुसरा सर्वसामान्य लोकांसाठी, त्यामुळे थेट तुलना योग्य नाही. तरीही ‘साधी धूळ’ हे वर्णन पुरेसे नाही, हे यातून कळते.

धोका नेमका केव्हा?

झिलई चालू असताना भुकटी पाण्यात कालवलेली असते, तेव्हा ती फारशी उडत नाही. ती उडते पिशवी फोडताना, डब्यात ओतताना आणि मुख्य म्हणजे काम संपल्यावर. यंत्रावर, फरशीवर, अंगावरच्या कपड्यांवर उडालेले शिंतोडे वाळतात आणि पुन्हा धूळ होतात. मग कुणी केरसुणी फिरवतो, कुणी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकतो. दिवसभरातील सर्वाधिक भुकटी बहुधा याच पाच मिनिटांत नाकात जाते. त्यामुळे फरशी ओल्या फडक्याने पुसावी किंवा हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने साफ करावी. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. नाकाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. आयएस ९४७३ मानकाचा एफएफपी २ किंवा त्यावरचा मास्क लागतो, आणि दाढी असल्यास तोही चेहऱ्यावर नीट बसत नाही. डोळ्यांत भुकटी गेल्यास चोळू नये, भरपूर पाण्याने धुवावे. उरलेला गाळ मोरीत न ओतता खाली बसू द्यावा, आणि ओला असतानाच पिशवीत बांधावा.