ट्राय शेवटच्या क्षणी दिसतो, घडतो त्याच्या आधी!

सिडनीच्या अ‍ॅकॉर स्टेडियमवर १ ऑक्टोबर २०२३ रोजी ८० हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीगचा अंतिम सामना संपण्यास जेमतेम वीस मिनिटे उरली होती आणि ब्रिस्बेन ब्रॉन्कोस संघ २४-८ असा आघाडीवर होता. पेनरिथ पँथर्स हा आधीच्या दोन वर्षांचा विजेता होता खरा. परंतु अंतिम सामन्यात १६ गुणांची पिछाडी त्यापूर्वी कोणत्याही संघाने भरून काढलेली नव्हती. पेनरिथने ती काढली. तीन ट्राय, तिन्ही वेळा गोलखांबांमधून यशस्वी किक आणि निकाल २६-२४! हा चमत्कार म्हणावा, तर लीगमधील आक्रमणाचे सारे व्याकरण त्या वीस मिनिटांत सापडते.

मुंबईकरांनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पाहिलेले रग्बी ते ‘युनियन’ पद्धतीचे. ‘लीग’ ही त्यापासून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये वेगळी झालेली शाखा. सामन्यासाठी खाडा करणाऱ्या कामगार खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, हे त्या काडीमोडाचे कारण. लीगमध्ये प्रत्येक संघात १३ खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो. त्याचे चार गुण आणि पाठोपाठच्या यशस्वी किकचे दोन. चेंडू हाताने पुढे फेकण्यास मनाई आहे. पास मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. पुढे जायचे तर धावत किंवा पायाने मारून.

आक्रमणाचे खरे बंधन मात्र वेगळेच आहे. क्रिकेटच्या षटकात जसे सहा चेंडू, तशी येथे एका डावाला सहा टॅकल्सची मर्यादा. सहाव्यांदा खेळाडू पकडला गेला की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्येक टॅकलनंतर पकडलेला खेळाडू उभा राहून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि त्याच्या पाठीमागचा ‘डमी हाफ’ तो उचलतो. तोपर्यंत बचाव फळीने दहा मीटर मागे हटलेले असले पाहिजे. साऱ्या आक्रमणाची किल्ली या क्षणात आहे. पकडलेला खेळाडू लवकर उठला, तर मागे सरकणारा बचाव अजून पाठमोऱ्या पावलांवरच असतो. दोन-तीन सेकंद जादा लोळत राहिला, तर समोर भिंत उभी. बचावपटू पकडलेल्या खेळाडूला सहजासहजी सोडत का नाहीत, याचे उत्तर हेच.

म्हणूनच पहिल्या दोन-तीन टॅकल्समध्ये धिप्पाड ‘प्रॉप’ खेळाडू सरळ समोरच्या गर्दीत घुसतात. नवख्या प्रेक्षकाला ही निव्वळ डोकेफोड वाटते. प्रत्यक्षात तीन-तीन बचावपटूंना एका जागी गुंतवून ठेवायचे आणि पुढच्या हालचालीसाठी बाजूला जागा मोकळी करायची, हा त्यामागचा हेतू असतो. कबड्डीत चढाईपटू कोपरारक्षकाला ओढून घेतो आणि मधल्या खेळाडूला एकटे पाडतो, ती युक्ती आठवावी.

यानंतर येतो तो सात क्रमांकाचा ‘हाफबॅक’. प्रचलित डावपेच असा : हाफबॅक चेंडू घेऊन बचाव फळीच्या दिशेने येतो. त्याच्या शेजारून एक सहकारी पूर्ण वेगाने फळीवर धावून जातो आणि त्याच्या पाठीमागून फुलबॅक वळसा घालत बाहेरच्या बाजूला येतो. समोरच्या बचावपटूने अंगावर येणाऱ्याला धरले, तर चेंडू मागून फुलबॅककडे जातो. त्याला सोडून बाहेर सरकले, तर तोच चेंडू घेऊन खिंडार पाडतो. निर्णयाला क्षणभराचाच अवधी. मात्र, हुलकावणीसाठी धावणाऱ्याने बचावपटूची वाट अडवली, तर ट्राय रद्द ठरतो. त्यामुळे ही धाव काटेकोर असावी लागते. चेंडू बाहेरच्या बाजूला पोहोचेपर्यंत बहुधा दोन बचावपटूंसमोर तीन आक्रमक उभे राहतात. कोपऱ्यातला विंगर मग टाळ्या घेतो. आतल्या ज्या बचावपटूचे एक पाऊल चुकले, त्याच्याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते.

पाच टॅकल्स संपूनही वाट सापडली नाही, तर किक. उंच किक विंगरसाठी, सरपटती किक फळीच्या मागे. गोलरेषेमागे चेंडू उचललेला बचावपटू तेथेच पकडला गेला, तर त्याच्या संघाला गोलरेषेवरून चेंडू मारून द्यावा लागतो आणि आक्रमकांना नवे सहा टॅकल्स मिळतात. गुण न मिळताही हा मोठाच लाभ, कारण दमलेल्या बचावाला पुन्हा तेच सारे करावे लागते. आपल्या ४० मीटर रेषेमागून मारलेला चेंडू टप्पा खाऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या २० मीटरमध्ये बाजूरेषेबाहेर गेला, तरी चेंडूचा ताबा मारणाऱ्याच संघाकडे राहतो. या किकला ‘फोर्टी-ट्वेंटी’ म्हणतात. ती जमणे अवघड. फसली तर चेंडू हातचा जातो.

आता पुन्हा सिडनीकडे वळू. मध्यंतराला पेनरिथ ८-६ असा पुढे होता. नंतर ब्रिस्बेनच्या एझ्रा मॅमने काही मिनिटांतच तीन ट्राय करून सामना फिरवला. वेगवान टॅकल्स आणि विस्कळीत बचाव म्हणजे काय, हे त्याने पेनरिथला त्यांच्याच भाषेत ऐकवले. पेनरिथचा हाफबॅक नेथन क्लिअरी याने तेथून सूत्रे हाती घेतली. मोझेस लिओटाच्या ट्रायने अंतर कमी झाले. क्लिअरीने फोर्टी-ट्वेंटीही साधली आणि स्टीफन क्रायटनच्या ट्रायनंतर फरक अवघ्या चार गुणांवर आला. चारेक मिनिटे शिल्लक असताना चेंडू पुन्हा क्लिअरीकडे आला. तोवर बाहेरच्या बाजूला पास देणारा, किक मारणारा क्लिअरी ब्रिस्बेनच्या बचावपटूंनी पाहिला होता. या वेळी त्याने चेंडू कुणालाच दिला नाही. फळी भेदून तो स्वतःच गोलरेषेपलीकडे गेला. बरोबरी साधून देणाऱ्या त्या ट्रायवर विजयाची किकही त्यानेच मारली.

सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे क्लाइव्ह चर्चिल पदक क्लिअरीला २०२१ नंतर दुसऱ्यांदा मिळाले. पेनरिथने २०२४ मध्ये सलग चौथे विजेतेपद पटकावले. ब्रिस्बेनला मात्र २००६ नंतरच्या पहिल्या विजेतेपदासाठी २०२५ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा त्यांनी मेलबर्न स्टॉर्मला २६-२२ असे हरवले.