पेटीत राहिलेल्या वस्तूंचा हिशेब

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या पट्ट्याशेजारी एक मोठी पेटी ठेवलेली असते. तीत कात्र्या, लायटर, आगपेट्या, तेलाच्या नि अत्तराच्या बाटल्या, क्वचित घरच्या तुपाचा डबाही पडलेला दिसतो. रांगेतल्या माणसाला ही पेटी म्हणजे सुरक्षाव्यवस्थेच्या दक्षतेची पावती वाटते. वस्तुतः ती दुसऱ्याच एका गोष्टीची नोंद आहे. ह्या वस्तूंच्या मालकांपैकी जवळजवळ कोणाच्याही मनात विमान पळविण्याचा विचार नव्हता; त्यांना नियम समजला तो मात्र अशा ठिकाणी, जेथे तो पाळण्याची वेळ निघून गेली होती. मोठी बॅग आत गेलेली, निरोप द्यायला आलेली माणसे दाराबाहेर राहिलेली, आणि विमान सुटायला पाऊण तास उरलेला. ‘वस्तू परत नेऊन द्या, नाहीतर इथे ठेवा’ हा पर्याय अशा वेळी केवळ कागदावर पर्याय असतो.

तपासणीच नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला नेण्यात आले, ते नकली पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब ह्यांच्या धाकावर. अमेरिकेने जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची केली. भारतात ह्या कामासाठी १९७८ मध्ये एक कक्ष निघाला, १९८५ मधील ‘कनिष्क’च्या घातपातानंतर, १९८७ मध्ये त्याचे स्वतंत्र खाते झाले, आणि डिसेंबर १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला. ह्या इतिहासाला एक खोड आहे. येथे प्रत्येक नियम हा मागच्या घटनेला दिलेले उत्तर असतो. ११ सप्टेंबर २००१ पर्यंत अमेरिकेत चार इंचांहून आखूड पात्याला विमानात मज्जाव नव्हता. (‘कनिष्क’मधला बॉम्ब तर हातातल्या पिशवीत नव्हताच; तो सामानकक्षात होता.) घटना घडते, यादी एका ओळीने वाढते. ओळ कमी झाल्याची उदाहरणे मात्र विरळा.

द्रवपदार्थांचा नियम ह्या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एक कट उघडकीस आला. शीतपेयाच्या बाटल्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइडचे स्फोटक द्रव अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत न्यायचे, असा तो बेत होता. काही दिवस हातातल्या सामानावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. मग वर्ष सरण्यापूर्वी १०० मिलिलिटरची बाटली आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी हे सूत्र ठरले, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात ते दूरवर पसरले. ह्या आकड्यामागे द्रवाचा दोष नाही, यंत्राचा आहे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो, सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात; आणि स्फोटके, मध, कोकमाचे सरबत ही सारी त्या नारिंगी कुटुंबातलीच. बाटलीत काय आहे ते यंत्राला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून बाटली केवढी आहे ते पाहायचे. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या बाईला हे कोण समजावणार? तिचे डिंकाचे लाडू जातात, तुपाचा डबा अडतो. आणि तिच्या लेखी थिजलेले तूप द्रव नसतेच.

नियमातले शहाणपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा आर्थिक अर्थ असा की यंत्राच्या अपुरेपणाची किंमत प्रवाशाने वस्तुरूपाने चुकती करायची. रुग्णालयातील सी. टी. स्कॅनच्या जातीची नवी यंत्रे पिशवीचे चित्र सर्व बाजूंनी घेतात आणि पदार्थाची घनता ताडतात. लंडन सिटी विमानतळाने ती बसवून २०२३ मध्ये द्रवाची मर्यादा दोन लिटरवर नेली. जून २०२४ मध्ये सरकारने ती तात्पुरती पुन्हा १०० मिलिलिटरवर आणली. मधल्या काळात तेथील प्रवासी अधिक सज्जन आणि नंतर पुन्हा कमी सज्जन झाले असतील, असे मानण्याचे कारण नाही. शंभराचा आकडा हा निसर्गनियम नव्हे. यंत्रांवर किती भांडवल गुंतवायचे आणि त्यांच्यावर किती विसंबायचे, ह्या निर्णयाचा तो परिणाम आहे.

यादी एकाच दिशेने चालत नाही, ही आणखी एक पंचाईत. कात्री हातात चालत नाही, ती मोठ्या बॅगेत घालावी. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातात ठेवावी. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर प्रवासीकक्षात तो दिसतो आणि विझविता येतो, हे त्यामागचे कारण. दोन्ही नियम योग्यच आहेत. पण कारण न सांगता नुसत्या दोन याद्या पुढे केल्या, तर शिकलेल्या माणसाचाही गोंधळ उडतो.

कोकणच्या माणसाला सर्वांत अवघड कोडे नारळाचे. सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते १३६३ ह्या क्रमांकाने नोंदलेले आहे. भारतात अख्खा नारळही हातातल्या सामानात निषिद्ध ठरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ जवळ ठेवण्याची मुभा मिळाली, ती २० जानेवारी २०२५ पर्यंत, आणि कसून तपासणी करण्याच्या अटीवर. मुभा दिली ते योग्यच झाले. परंतु एका हंगामात जो धोका सांभाळता येतो, तो इतर वेळी का येऊ नये? मॅन्सर ओल्सन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सामुदायिक कृतीचे जे तर्कशास्त्र मांडले, त्यात ह्याचे उत्तर सापडते. ज्यांचे हित एकवटलेले असते त्यांचा आवाज पोहोचतो. विखुरलेल्यांचे नुकसान प्रत्येकी इतके लहान असते की त्यासाठी कोणी साधा अर्जही लिहीत नाही.

पट्ट्यामागे उभ्या असलेल्या जवानाला दोष देणे अन्यायाचे होईल. निरुपद्रवी वस्तू अडविली तर त्याचे काही जात नाही. घातक वस्तू सुटली तर त्याची नोकरी जाईल आणि लोकांचे प्राण जातील. कचेरीत फाईल अडविणाऱ्याला जाब विचारीत नाहीत, सही करणाऱ्याला विचारतात, हे कारकुनाला सांगायला नको. जेथे ‘नाही’ म्हणणे फुकट असते, तेथे ‘नाही’चा पुरवठा वाढतो.

हा खर्च पडतो कोणावर? सुरक्षेसाठी प्रवासी वेगळे पैसे मोजतोच. एप्रिल २०२१ मध्ये हे शुल्क देशांतर्गत प्रवासासाठी २०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १२ डॉलर करण्यात आले, आणि ते तिकिटातच वसूल होते. पेटीत राहिलेली वस्तू हा त्यावरचा अधिभार. आणि तो ऐपतीच्या नव्हे, अज्ञानाच्या प्रमाणात आकारला जातो. नेहमी विमानाने जाणाऱ्या व्यापाऱ्याची वस्तू पेटीत पडत नाही, पडली तर तो पलीकडच्या दुकानातून दुसरी घेतो. ‘उडान’ योजनेची विमाने २०१७ पासून उडू लागली, सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. पहिल्यांदा विमानात पाय ठेवणारा माणूस आता ह्या रांगेत आहे, आणि त्याच्या पिशवीत घरचे जिन्नस आहेत.

अमेरिकेत अशा सोडून दिलेल्या वस्तू पुष्कळ ठिकाणी राज्य शासनांकडे जातात आणि त्यांची विक्री होते. त्यांना काही किंमत असते, एवढे तरी तेथे मान्य झाले आहे. भारतात विमानतळावर टपालाची एक खिडकी तपासणीच्या अलीकडे ठेवली, आणि अडलेली वस्तू प्रवाशाच्या खर्चाने त्याच्या घरी पाठविली, तर सुरक्षेला बाध येणार नाही. कोणत्या जातीच्या किती वस्तू अडविल्या गेल्या ह्याचे आकडे विमानतळवार दरवर्षी छापले, तर लोकांना नेमके काय ठाऊक नसते ते प्रशासनाला कळेल. ह्याहून स्वस्त उपाय सामान सोपविण्याच्या खिडकीवरच आहे. मोठ्या बॅगेत पॉवर बँक आहे का, असे तेथे विचारतातच. त्याच दमात, हातातल्या पिशवीत तूप, तेल, कात्री आहे का, हेही प्रवाशाच्या भाषेत विचारता येईल. त्या क्षणी मोठी बॅग अजून वजनकाट्यावरच असते.