गणित कच्चं म्हणजे नेमकं काय कच्चं?

भिलाईच्या स्मृती नगरात प्रवेशांचा हंगाम आला की भाड्याच्या खोल्या शोधणारी मुलं दिसू लागतात. जुनवानीची आणि कोहक्याची इंजिनिअरिंग-फार्मसीची कॉलेजं इथून जवळ. त्यांत बी. फार्म.ला आलेला बायो ग्रुपचा मुलगा हमखास असतो. दहावीनंतर त्याचा गणिताशी संबंध सुटलेला, आणि पहिल्याच सेमिस्टरला पुढ्यात ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’! ‘एवढ्यासाठीच तर बायो घेतलं होतं,’ असं घरी म्हटलं जातं. मग समजुतींची माळ सुरू होते.

‘रेमेडियल म्हणजे ढ मुलांचा वर्ग.’

साफ चूक. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2014च्या नियमांतला हा विषय मार्कांवर नाही, ग्रुपवर ठरतो. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्याला गणित, तर गणित घेतलेल्याला रेमेडियल बायोलॉजी. बोर्डात पहिल्या आलेल्या बायोच्या मुलीलाही तो चुकत नाही. परीक्षा विद्यापीठाची नसते, कॉलेजच घेतं. त्यामुळे मुलं तो हलक्यात घेतात, ही खरी अडचण.

‘आधी पाया पक्का करा, मग खरा विषय.’

ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी वर्षानुवर्षं हेच केलं. प्रवेशचाचणीत मागे पडलेल्यांना एकामागून एक तयारीचे कोर्स दिले. 2010मध्ये थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा गणिताच्या तयारीची ही साखळी पुरी करणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. गंमत म्हणजे नापास होऊन गळालेल्यांपेक्षा पुढच्या कोर्सला नावच न नोंदवणारे जास्त होते. मुलं हरत होती ती गणितापुढे कमी, रांगेत उभं राहून जास्त.

टेनेसी राज्याने 2015पासून रांगच मोडली. विद्यार्थी थेट मुख्य कोर्सला, आणि त्याच सेमिस्टरमध्ये जोडीला आधाराचे तास. एका वर्षात मुख्य गणित पास होणाऱ्या अशा मुलांचं प्रमाण सुमारे 12 टक्क्यांवरून पन्नाशीच्या आसपास गेलं.

आपल्या फार्मसीच्या रचनेत ही जोडी अर्धी तयारच आहे. रेमेडियल गणिताला आठवड्याला 2 तास, सेमिस्टरला एकूण 30. त्यात लॉगरिदमपासून मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन करत थेट लाप्लास ट्रान्सफॉर्मपर्यंत. तीस तासांत लाप्लास! ज्या फार्माकोकायनेटिक्ससाठी त्याची तजवीज केली, तो विषय येतो सहाव्या सेमिस्टरला. तोवर लाप्लास कोणाला आठवतो? उलट त्याच पहिल्या सेमिस्टरच्या फार्मास्युटिक्समध्ये टक्केवारीची द्रावणं आणि ॲलिगेशन असतं. 90 टक्के आणि 50 टक्के अल्कोहोलातून 60 टक्क्यांचं करायचं, तर प्रमाण 1:3. इथे अडणाऱ्याला कॅल्क्युलस नको असतो, गुणोत्तर हवं असतं. गणिताचे आणि फार्मास्युटिक्सचे तास एकमेकांना बांधले तरी निम्मं काम होईल, असं माझं मत.

कच्चेपणा कुठे असतो, ते या गणितात बघा. रक्तातलं औषध दर 6 तासांनी निम्मं होतं. एक दशांश कधी उरेल? पुष्कळ जण झटकन म्हणतात, 6 तासांत निम्मं गेलं, तर 12 तासांत सगळं साफ. पण 12 तासांनी पाव उरतं, 18 तासांनी आठवा हिस्सा, 24ला सोळावा. म्हणजे उत्तर 18 आणि 24च्या मध्ये कुठेतरी. लॉग वापरला की ते 20 तासांच्या जवळ येतं. पावकी-निमकी पाठ असलेल्या आजोबांना पहिला टप्पा तोंडी जमला असता. सूत्र मागून आलं तर चालतं. वजाबाकी आणि निम्मेपणा यांतला फरक आधी कळायला हवा.

‘गणित बदललं की दर्जा घसरतो.’

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत ॲलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये 907 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. चिठ्ठी टाकावी तशी वाटणी: काहींना प्राथमिक बीजगणिताचा तयारीचा वर्ग, काहींना थेट कॉलेजचं संख्याशास्त्र आणि सोबत कार्यशाळा. पहिल्या गटात 39 टक्के पास, दुसऱ्यात 56. वरचा विषय देऊनही जास्त पास! तीन वर्षांनी पदवीतही दुसरा गट पुढेच होता. मात्र हा दाखला सरसकट लावू नये. इंजिनिअरिंगच्या मुलाला संख्याशास्त्र देऊन कॅल्क्युलसमधून सोडवता येत नाही.

‘आता इंजिनिअरिंगला गणित लागतच नाही.’

2021मध्ये एआयसीटीईच्या नियमावलीतून ही बातमी पसरली. बदल होता तो प्रवेशाच्या अटीत. बारावीला गणित नसलेल्यांसाठीही दार किलकिलं झालं, आणि त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स घ्यायला सांगितलं. पहिल्या वर्षाचं गणित होतं तिथेच राहिलं.

तेव्हा प्रवेश घेताना कॉलेजात ब्रिज कोर्स आहे का, एवढंच विचारून थांबू नका. ‘हो’ सगळेच म्हणतात. वेळापत्रक मागा. तास वर्ग सुरू होण्याआधी आठवडाभरात उरकतात की सेमिस्टरभर मुख्य विषयाच्या जोडीने चालतात, आणि शिकवणाऱ्याला त्याच आठवड्यात फार्मास्युटिक्सच्या वर्गात काय चाललंय ते ठाऊक असतं का, हे त्यातून समजेल.