इंजिनिअर झालात, आता डॉक्टर व्हायचंय? आधी हिशोब मांडा

चांदूर रेल्वेत राहून, बी.ई. करून, धंदा टाकू की एमबीबीएस करू असा घोळ असेल, तर ऐका. रस्ता आहे. वयाची वरची अट 2022 मध्ये गेली. बारावीला बायोलॉजी नव्हतं? 2023 पासून तो विषय नंतर मान्यताप्राप्त बोर्डातून देऊनही नीटला बसता येतं.

पण बाप्पा, डिग्रीचा एकही मार्क धरत नाहीत. 720 पैकी 360 बायोलॉजीचे, तुमचं फिजिक्स फक्त 180 चं. वरून अभ्यासाचं वर्ष, मग साडेचार वर्षं शिक्षण. तेवढा काळ गल्ला बंद, खरा खर्च हाच! फी नंतरची गोष्ट. इंटर्नशिपच्या वर्षात थोडा स्टायपेंड मिळतो. अमरावतीत 2024 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथं नंबर लागला तर हिशोब बराच हलका होतो.