एम 42 वर एम 42

मृग नक्षत्रात रुतलेल्या बाणाचे तीन तारे सापडले, की त्यांच्या खाली एक धुरकट ठिपका दिसतो. हा मृगातला तेजोमेघ. फ्रेंच खगोलविद शार्ल मेसिए यांच्या यादीत त्याचा क्रमांक एम 42. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या असंख्य लेन्स ज्या 42 मिलिमीटरच्या आट्यांवर बसत, त्या आट्यांचे नावही एम 42! पेंटॅक्सच्या ताकुमार, सोव्हिएत ज्युपिटर अशा या लेन्स आजही जुन्या बाजारात नव्या टेलिफोटोच्या मानाने फार स्वस्तात मिळतात. आकाशाचे फोटो काढायला निघालेल्याने दुर्बिणीआधी अशी एक 135 मिलिमीटरची लेन्स घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एफ 3.5 ला तिचे तोंड सुमारे 38 मिलिमीटर उघडते. अंधाराला सरावलेली बाहुली फार तर सात मिलिमीटर. म्हणजे डोळ्याच्या जवळपास तीसपट प्रकाश आत येतो. शिवाय फोकसची कडी जड, संथ फिरणारी. केसभर सरकवायची तर केसभरच सरकते. ताऱ्यांसाठी हेच हवे असते. मात्र अनंताच्या खुणेवर विसंबू नका. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेजस्वी तारा दहापट मोठा करा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत कडी फिरवा. रात्री गारवा वाढला की पुन्हा पाहा.

तारे लेन्सची कडक परीक्षा घेतात. दिवसाच्या फोटोत न दिसलेला दोष काळ्या आकाशात जांभळ्या वलयासारखा उमटतो. एफ 5.6 पर्यंत तोंड लहान केले की तो बराच ओसरतो, पण तोंड लहान करणाऱ्या पात्यांमुळे ताऱ्यांना काटे फुटतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे तोंड उघडेच ठेवून पुढच्या आट्यांत लहान व्यासाची गोल कडी बसवायची.

पृथ्वी फिरते, त्यामुळे साध्या तिपाईवर दोन सेकंदांपलीकडे तारे लांबट होतात. म्हणून दोन-दोन सेकंदांचे शंभर फोटो घ्यायचे आणि सिरिलसारख्या मोफत सॉफ्टवेअरने एकावर एक रचायचे. शंभर फोटोंत खरखर दहापट कमी होते आणि धुरकट ठिपक्यातून पंख उलगडू लागतात.

जुन्या काचेचा हा मान नवा नाही. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत खगोलविद एडवर्ड बर्नार्ड यांनी 1889 पासून आकाशगंगेची जी छायाचित्रे घेतली, ती माणसांचे फोटो काढण्यासाठी बनवलेल्या जुन्या लेन्समधून. 1892 मध्ये त्याच लेन्सने घेतलेल्या एका काचपट्टीवर त्यांना नवा धूमकेतू सापडला.

विकत घेताना काचेतून टॉर्च मारून पाहा. आपल्या दमट हवेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तशी लेन्स घेऊ नका. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर साध्या जोडकडीने अनंतावर फोकस होत नाही, कॅननवर होतो. आधी खात्री करून घ्या. मग मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावाबाहेर तिपाई उभी करा आणि पहिला फोटो मृगाचाच घ्या.