संगणकसेवेतील स्वयंचलन : लाभ कोणता व कोणाचा

वेल्हे हे तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले गाव होय. ज्या तालुक्याचे नाव २०२५ साली राजगड असे करण्यात आले, त्याचे हे मुख्य ठिकाण. पुण्याहून येणारा मार्ग सातारा रस्त्याने नसरापूरपाशी येतो आणि तेथून पश्चिमेकडील डोंगरांत शिरतो. भोर व वेल्हे ह्या दोन्ही भागांत वस्ती विरळ, वाड्या दूरदूर आणि पश्चिमेस पाऊस मुबलक. अशा प्रदेशातही सातबाऱ्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, बँकेतील खाते, निवृत्तिवेतन हे सर्व व्यवहार आता संगणकाच्या द्वारे होतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि केवळ सहीसाठी घालावे लागणारे हेलपाटे पुष्कळ अंशी वाचले. त्याचबरोबर ग्रामीण महाराष्ट्राच्या बोलण्यात एक नवे वाक्यही रूढ झाले. ते वाक्य म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे.'

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले, तरी अर्थदृष्ट्या फार अपुरे आहे. गावची वीज गेली असेल, तार तुटली असेल, राऊटर बंद पडला असेल, यंत्राची साठवणूक भरली असेल, एखाद्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, किंवा दूरच्या शहरातील मुख्य यंत्रच थांबले असेल. ह्या सर्व अवस्थांना लोकव्यवहारात एकच नाव आहे. दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या मनुष्यास त्यांतील भेद कळण्याचे कारण नाही. पण ज्याने ती व्यवस्था दुरुस्त करावयाची, त्याचे सर्व काम ह्या भेदावरच अवलंबून असते. संस्थांच्या संगणकव्यवस्थेची देखभाल कराराने पत्करणाऱ्या व्यावसायिकांना स्वयंचलनापासून लाभ कसा होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा लाभ केवळ यंत्राच्या वेगातून येत नाही. एका संदिग्ध वाक्याचे अनेक नेमक्या वाक्यांत पृथक्करण करण्यातून तो येतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

कराराचे दोन प्रकार

संगणकाच्या देखभालीचा जुना करार 'बिघडेल तेव्हा बोलवा' ह्या स्वरूपाचा होता. यंत्र बंद पडले की कारागीर यावयाचा, दुरुस्ती करावयाचा आणि फेरीचे पैसे घ्यावयाचा. ह्या पद्धतीत बिघाड ही ग्राहकाची हानी, तर सेवादात्याची मिळकत असे. दोघांचे हित परस्परविरोधी होते.

व्यवस्थापित सेवेच्या करारात दरमहा ठराविक रक्कम ठरते आणि त्या मोबदल्यात व्यवस्था चालू ठेवण्याची जबाबदारी सेवादाता घेतो. येथे स्थिती उलट होते. प्रत्येक बिघाड, प्रत्येक फेरी, प्रत्येक दूरध्वनी हा आता सेवादात्याचा खर्च ठरतो. उत्पन्न बांधलेले असल्यामुळे त्याचा नफा खर्च किती कमी होतो ह्यावरच राहतो. म्हणून स्वयंचलन ही त्याच्या दृष्टीने हौस नव्हे, तर धंद्याचा पाया होय. ग्राहकाच्या यंत्रात बिघाड न होणे हेच त्याच्याही हिताचे होते.

स्वयंचलन म्हणजे काय

स्वयंचलनाची कल्पना धरणाच्या उदाहरणाने सहज समजेल. पानशेत किंवा वरसगाव येथील जलाशयाची पातळी पावसाळ्यात ठराविक वेळाने पाहून नोंदवावी लागते. पातळी एका मर्यादेवर गेली की काय करावयाचे हे आधीच ठरलेले असते. म्हणजे येथे चार पायऱ्या आहेत : पाहणे, मर्यादेशी ताडणे, कारण ठरविणे आणि कृती करणे. संगणकव्यवस्थेत ह्याच चार पायऱ्या माणसाऐवजी आज्ञावली पार पाडते. साठवणूक नव्वद टक्के भरली, की ती निरुपयोगी तात्पुरत्या नोंदी पुसते. एखादी सेवा थांबली, की ती पुन्हा सुरू करते. रात्री बॅकअप घेते, आणि तो खरोखर वाचता येतो की नाही हेही तपासते. प्रमाणपत्राची मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करते. ह्यांपैकी काहीही साध्य झाले नाही, तरच ती मनुष्यास हाक मारते.

ह्या साधनांचा इतिहास अलीकडचा नाही. ठराविक वेळी आपोआप काम सुरू करणारी क्रॉन नावाची सोय युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून आहे. निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांना 'तुझी स्थिती काय?' असे एकाच पद्धतीने विचारता यावे म्हणून एसएनएमपी हा संकेत १९८८ मध्ये ठरविण्यात आला. पुढे १९९३ मध्ये मार्क बर्जेस ह्यांनी ऑस्लो येथे सीएफइंजिन ही प्रणाली रचली. तिच्यात यंत्रास क्रमवार आज्ञा देण्याऐवजी त्याची इष्ट अवस्था कशी असावी ह्याचे वर्णन करावयाचे असते. प्रत्यक्ष अवस्था त्या वर्णनापासून ढळली, की प्रणाली तिला पूर्वपदावर आणते.

भाषेचा प्रश्न

येथे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. आपल्या व्याकरणपरंपरेत क्रियेशी असलेल्या संबंधांना कारके म्हणतात. कर्ता, कर्म, करण, अधिकरण ही त्यांची परिचित नावे होत. 'सर्व्हर डाऊन आहे' ह्या वाक्यात अवस्था सांगितली आहे, परंतु कोणी, कशाने, कोठे आणि केव्हापासून, ह्यांतील एकाचेही उत्तर नाही. उलट, पाहणी करणाऱ्या आज्ञावलीची नोंद पाहावी. अमुक कार्यालयातील अमुक राऊटरने सकाळी १० वाजून १२ मिनिटांनी उत्तर देणे थांबविले, तीन वेळा विचारूनही उत्तर आले नाही, त्याच जागेवरील यूपीएस मात्र विजेचा पुरवठा नसल्याचे कळवीत आहे. ह्या नोंदीत स्थळ, काळ आणि साधन ह्या सर्वांच्या जागा भरलेल्या आहेत. म्हणूनच ती वाचून दुसरी आज्ञावली निर्णय घेऊ शकते. बिघाड राऊटरचा नसून विजेचा आहे, आणि पुण्याहून माणूस धाडण्याऐवजी वीज केव्हा येणार ह्याची चौकशी करावी, हे तिला ठरविता येते.

सेवादात्याकडे येणाऱ्या तक्रारी मात्र माणसांनी लिहिलेल्या किंवा सांगितलेल्या असतात. 'नेट नाही', 'रेंज गेली', 'लिंक नाही', 'सिस्टीम हँग आहे', 'फार स्लो चालते' ही वाक्ये बोलणाऱ्याच्या मनात पुष्कळदा एकाच अर्थाची, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने भिन्न अर्थांची असतात. तक्रारींचे वर्गीकरण यंत्राकडून करावयाचे, तर ज्या भाषेतील नोंदींवर ते यंत्र शिकविले त्या भाषेची मर्यादा त्याला पडते. ह्यासाठी मराठीतील अशा उक्तींचा संग्रह करून प्रत्येकीपुढे तिचे खरे कारण नोंदविणे, हे केवळ कोशकाराचे काम राहिलेले नाही. त्यात सेवादात्याचाही रोकडा लाभ आहे.

पुण्यातील एक उदाहरण

ह्या विचाराचे एक ठळक उदाहरण पुण्यातच घडले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्या कंपनीने १९८१ मध्ये येथे टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले. ह्या केंद्रातील संशोधनातून 'इग्निओ' ही प्रणाली तयार झाली आणि २०१५ मध्ये ती बाजारात आणण्यात आली. ह्या कार्याचे नेतृत्व डॉ. हॅरिक विन ह्यांनी केले. एखाद्या संस्थेतील यंत्रे, आज्ञावल्या आणि कामे ह्यांचे परस्परसंबंध प्रथम जाणून घ्यावयाचे, नेहमीची स्थिती कोणती हे शिकून घ्यावयाचे आणि मग बिघाडाचे कारण त्या संबंधांच्या आधारे शोधावयाचे, अशी तिची सर्वसाधारण दिशा आहे. अन्य संस्थांच्या संगणकव्यवस्था सांभाळणे हा ज्या कंपनीच्या व्यवसायाचा मोठा भाग, तिनेच हे साधन घडवावे, ह्यात आश्चर्य नाही. मनुष्यबळाच्या प्रमाणातच उत्पन्न वाढण्याचे बंधन तिला तोडावयाचे होते.

लाभाचे स्वरूप

हे बंधन कसे तुटते ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, पुण्यातील एका लहान सेवादात्याकडे ४० कार्यालये असून प्रत्येकात १० संगणक आहेत. महिन्यातून एकदा प्रत्येक संगणक तपासून त्यावर नवी सुधारणा बसविण्यास १५ मिनिटे लागतात असे धरले, तर एकूण १०० तास होतात. प्रवासाचा वेळ निराळाच. वेल्ह्याला जाऊन परत येण्यात एका माणसाचा दिवस बहुधा संपतो. तेच काम आज्ञावलीने रात्रीच्या वेळी सर्व यंत्रांवर केले, तर माणसाने फक्त न जमलेल्या थोड्या यंत्रांकडे पाहावयाचे राहते. कार्यालये ४० ची ८० झाली, तरी मनुष्यबळ दुप्पट करावे लागत नाही.

दुसरा लाभ वचन पाळण्याचा. करारात व्यवस्था वर्षात ९९ टक्के वेळ चालू राहील असे लिहिले, तर साडेतीन दिवसांहून अधिक काळ ती बंद राहण्यास मुभा असते. ९९.९ टक्के म्हटले, की ही मुभा पावणेनऊ तासांवर येते. माणसाच्या फेऱ्यांवर विसंबून हे दुसरे वचन देणे डोंगराळ भागात जवळजवळ अशक्य होय. तिसरा लाभ स्मृतीचा. अनुभवी कारागीर नोकरी सोडून गेला, की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. आज्ञावलीत उतरलेले ज्ञान संस्थेपाशी राहते.

गुणाकार दोन्हीकडे होतो

परंतु जी शक्ती योग्य कृतीचा गुणाकार करते, ती चुकीचाही करते. २ जुलै २०२१ रोजी कसेया ह्या कंपनीच्या दूरव्यवस्थापन प्रणालीतील दोषाचा फायदा खंडणीखोरांनी घेतला. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे थेट बाधित सेवादाते ६० हून कमी होते, परंतु त्यांच्या द्वारे सुमारे १,५०० पर्यंत व्यवसायांस झळ पोहोचली आणि स्वीडनमधील एका दुकानसाखळीस शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी तर कोणी शत्रूही नव्हता. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष सुधारणा आपोआप वाटली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक बंद पडले.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै २०२४ रोजी, सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीवर खंडणीखोर हल्ल्याची शंका आल्याने तिला राष्ट्रीय देयकव्यवस्थेपासून तात्पुरते तोडण्यात आले. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार त्यामुळे अडले. क्लाउडसेक ह्या सुरक्षासंस्थेच्या विश्लेषणाप्रमाणे शिरकाव झाला तो एका सहयोगी कंपनीच्या नीट न मांडलेल्या जेन्किन्स सर्व्हरमधून, आणि जेन्किन्स हे तर स्वयंचलनाचेच साधन. सेवादात्याच्या एका किल्लीने शेकडो दारे उघडत असतील, तर त्या किल्लीची राखण हाही त्याच्या सेवेचाच भाग मानावयास हवा. सुधारणा प्रथम थोड्या यंत्रांवर चालवून पाहणे, परत फिरण्याची वाट मोकळी ठेवणे, बॅकअप निराळ्या जागी राखणे आणि मोठ्या कृतीपूर्वी माणसाची संमती घेणे, ही त्याची किमान पथ्ये होत.

उपसंहार

येथवर केलेल्या विवेचनावरून असे दिसेल की, स्वयंचलनाने सेवादात्याचा खर्च कमी होतो, त्याचा आवाका वाढतो आणि त्याचे ज्ञान टिकते. हा लाभ त्याच्यापाशीच थांबावा की ग्राहकापर्यंत पोहोचावा, हे मात्र यंत्र ठरवीत नाही, करार ठरवितो. करारात केवळ मुख्य यंत्र चालू असल्याचे मोजले, तर कागदोपत्री ९९.९ टक्के साधूनही वेल्ह्याच्या खिडकीपुढील मनुष्य दाखल्यावाचून परत जाऊ शकतो. मोजमाप त्या खिडकीपाशी, दाखला हाती पडण्याच्या क्षणी झाले पाहिजे. लोकांना ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने मान्य केलाच आहे. त्या हक्काला अनुसरून, 'सर्व्हर डाऊन आहे' ह्याऐवजी 'वीज गेली आहे, यंत्र ठीक आहे, दुपारी या' एवढे तरी नेमके वाक्य त्या मनुष्याच्या कानी पडावे. यंत्राला जे आधीच ठाऊक झालेले आहे, ते माणसाला त्याच्या भाषेत न सांगणे ही यंत्राची उणीव म्हणता येणार नाही. ती ते चालविणाऱ्यांची उणीव ठरेल.