बाबांना मासे धरायला नेताना

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. नागभीड तालुक्यातला घोडाझरी, सावली तालुक्यातला आसोलामेंढा, गावोगावचे मामा तलाव, शिवाय वैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता. नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला राहणारा मुलगा दिवाळीत घरी आला की सत्तरीतले वडील म्हणतात, ‘चल, एकदा गळ टाकून येऊ.’ ‘या वयात कशाला?’ म्हणून त्यांना घरी बसवण्याचे सहसा कारण नसते. तयारी मात्र गळ आणि गांडुळांपुरती असू नये.

गेल्या काही आठवड्यांत छातीत दुखले असेल, थोडे चालून धाप लागत असेल, चक्कर आली असेल किंवा वडील पडले असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत जास्त घोटाळा गोळ्यांचा होतो. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी अनेकांना लघवी वाढवणारी गोळी असते. वाटेत अडचण नको म्हणून वडीलधारी मंडळी ती परस्पर चुकवतात आणि पाणीही कमी पितात. हृदय कमकुवत असेल तर गोळी चुकल्याने अंगात पाणी साठून दम लागू शकतो. गोळी सुरू असताना पाणी कमी पडले तर रक्तदाब उतरतो. गोळीची वेळ बदलता येईल का, पाणी किती प्यायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. म्हणून ‘तहान लागली का?’ असे विचारत न बसता, ठरलेल्या वेळाने पाणी हातात द्यावे.

मधुमेह असेल तर जेवणाची वेळ पाळावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेतली आणि ‘एक मासा लागू दे, मग जेवू’ म्हणत दुपार झाली, तर साखर एकदम घसरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. काठावर ती उन्हाचा त्रास वाटतात. शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये.

धोक्याचा आणखी एक क्षण म्हणजे उठण्याचा. तासभर उकिडवे बसून माणूस झटकन उठला की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि समोर पाणीच असते. घडीची खुर्ची न्यावी, ती काठापासून मागे, सपाट जागी ठेवावी. उठताना मिनिटभर थांबून, आधार घेऊन उठावे. तरुणपणी वैनगंगा पोहून गेलेल्यांनाही हे लागू आहे. पोहणे विसरत नाही, पण दम तेवढा राहत नाही.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले निवडावेत. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपुढे जातो. पावसाळ्यात गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगेचे पाणी चढते. तेव्हा नदीकाठ टाळावा.

पहाटे आणि सांजवेळी मासा लागतो, पण वाघही त्याच वेळी फिरतो. मोहफुले, तेंदूपाने वेचताना वाकलेल्या माणसांवर इथे हल्ले झाले आहेत. म्हणून ऊन वर आल्यावर जावे, दिवस मावळण्यापूर्वी निघावे. अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे. इतर तलावांवर मच्छीमार संस्थेला विचारावे. शिंगी माशाचा काटा टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवावा. पाणी आधी स्वतःच्या हाताने तपासावे. साप चावला तर कापणे, चोखणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता, अंग न हलवू देता दवाखाना गाठावा. मुक्काम असेल तर मच्छरदाणी हवीच. परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर कुठे गेलो होतो ते सांगून मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे.

जंगलात फोनला रेंज मिळेलच असे नाही. जागा आणि परतण्याची वेळ घरी सांगून जावे, जवळचे ग्रामीण रुग्णालय पाहून ठेवावे, १०८ क्रमांक लक्षात असावा. औषधांची यादी वडिलांच्या खिशात ठेवावी. गळ कुठे टाकायचा हे बाबांना ठरवू द्यावे. परत किती वाजता फिरायचे, हे मात्र दोघांनी घरूनच ठरवून निघावे.